बेडकीचा पाला : जीभ फसते, रक्त फसत नाही



बचतगटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज आणि व्याज यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे साखर. कारखान्यातली नव्हे, रक्तातली. कुणाच्या सासऱ्यांना आहे, कुणाच्या मालकांना आहे, कुणाला स्वतःलाच आहे. साखर निघाली की पाठोपाठ उपायही निघतात. मेथी भिजवून खा, कारल्याचा रस घ्या, जांभळाच्या बियांची पूड घ्या. त्यातच एक नाव शिराळा-पाटणच्या डोंगराकडून येतं, बेडकीचा पाला. कुणी त्याला कावळी म्हणतं, कुणी गुडमार. "हा पाला खाल्ला की साखर मरते, मग गोळीची गरज नाही," असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक गावात भेटतं.

या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. साखर मरते ही एक, आणि गोळीची गरज नाही ही दुसरी. पहिलीत खरेपणा किती आहे हे शोधायला शंभराहून जास्त वर्षं गेली. दुसरी आजपर्यंत खरी ठरलेली नाही. हा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक असला तर बाजारात पुडी विकणारा आपल्याला सहज फसवू शकणार नाही. आणि आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं त्याची किंमतही कळेल. म्हणून आज आम्ही या पाल्याची गोष्ट सांगणार आहोत.

आधी वेलीची ओळख करून घेऊ. ही रुईच्या कुळातली वेल आहे. कुंपणावर, झुडपांवर, रानात झाडांवर चढते. पानं समोरासमोर येतात, हाताला थोडी लवदार लागतात. फुलं बारीक आणि पिवळसर असतात. शेंग टोकाला निमुळती असते, आणि ती फुटली की रुईसारख्या कापशी बिया वाऱ्यावर उडतात. या वेलीचा खरा चमत्कार पानात आहे. एखादं पान सावकाश चावायचं, तोंडभर फिरवायचं आणि मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची. साखर वाळूसारखी लागते. गूळ खाल्ला तर मातीचा खडा चघळल्यासारखा लागतो. मीठ खारट लागतं, चिंच आंबट लागते, फक्त गोडी नाहीशी होते. अर्धा-पाऊण तासानं गोडी परत येते. म्हणून नाव पडलं गुडमार, म्हणजे गूळ मारणारी. संस्कृतात हिला मधुनाशिनी म्हणतात, आणि मेषशृंगी असंही एक नाव आहे.

ज्या आजारासाठी हा पाला सांगतात तो आजार आपल्या देशाला नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक मधुमेह. लघवी मधासारखी होते, तिला मुंग्या लागतात, हे त्या वैद्यांनी पाहिलं होतं. सुश्रुतानं आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवली. हा आजार दोन तऱ्हेच्या माणसांना होतो. एक जन्मापासूनचा, त्यात माणूस कृश असतो. दुसरा खाण्यापिण्याच्या कुपथ्यानं झालेला, त्यात माणूस बहुधा स्थूल असतो. आजचे डॉक्टर टाइप एक आणि टाइप दोन म्हणतात, ती फोड याच्या जवळ जाते. दुसऱ्या तऱ्हेच्या रोग्याला त्या काळी काय सांगत? जव खा, चाला, अंगमेहनत करा. औषधाआधी चालणं आणि खाणं सांगितलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

पण त्या काळी साखर ओळखायची कशी? मुंग्यांवरून किंवा चवीवरून. रक्तात किती साखर आहे हे मोजायला कुणाकडे काहीच नव्हतं. या गोष्टीची सगळी गाठ इथेच आहे. पाला जिभेवरची साखर मारतो हे चावणाऱ्याला लगेच कळतं. तो रक्तातली साखर मारतो का, हे जिभेला कळत नाही.

आता इंग्रजांच्या काळात येऊ. १८४०च्या दशकात एजवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंद केली की हा पाला चावल्यावर चहातल्या साखरेची गोडी लागेनाशी होते. ही बातमी लंडनच्या अभ्यासकांपर्यंत गेली. पुढे १८८७ साली उटीला काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञानं पानातून तो गोडी मारणारा अंश वेगळा काढला. त्याला जिम्नेमिक आम्ल असं नाव मिळालं. आपल्या जिभेवर गोडी ओळखणारी जी बारीक ठिकाणं असतात, तिथे हा अंश जाऊन बसतो आणि साखरेला जागाच उरत नाही. हे आज नीट कळलेलं आहे.

एजवर्थला पाला कुणी दाखवला असेल? हूपरला पानं कुणी आणून दिली असतील? रानाची माहिती असलेल्या कुणीतरीच. पण लिहिणाऱ्याचं नाव राहिलं आणि सांगणाऱ्याचं गेलं. या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ.

वनस्पतींच्या अभ्यासात आपली मराठी माणसंही पुढे होती. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करातले डॉक्टर. त्यांनी मेजर बामनदास बसू यांच्याबरोबर भारतातल्या औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार केला. तो १९१८ साली छापला गेला, कीर्तिकर मात्र त्याआधीच वारले होते. वनस्पतीचं चित्र, तिचं वर्णन, वेगवेगळ्या भाषांतली नावं आणि लोक तिचा उपयोग कशासाठी करतात, हे सगळं एका जागी आलं.

मग आली १९२१-२२ची वर्षं. कॅनडात टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते टोचलं आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. जगभर आनंद झाला. पण इन्सुलिन महाग होतं, रोज टोचावं लागत होतं, आणि आपल्याकडे गावापर्यंत पोचणं तर लांबच. साहजिकच प्रश्न आला, की आपल्या रानात असं काही आहे का जे तोंडानं घेता येईल आणि परवडेल? तोवर रक्तातली साखर मोजायच्या रीतीही आल्या होत्या. म्हणजे आता जिभेला विचारायची गरज उरली नव्हती. रक्तालाच विचारता येत होतं.

पहिलं उत्तर कोलकात्याहून आलं. तिथल्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रोग्यांना हा पाला देऊन पाहिला. १९२८ साली त्यांनी निकाल छापला. रोग्यांना फायदा दिसला नाही.

दुसरं उत्तर आपल्या मुंबईहून आलं. परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. के. एस. म्हसकर आणि फ्रेंच धर्मगुरू असलेले फादर कायस हे दोघं काम करत होते. १९३० साली त्यांनी फक्त या एका वेलीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. जनावरांवरच्या प्रयोगांत पाल्यानं रक्तातली साखर उतरते असं त्यांना दिसलं. पाला स्वतः साखर जाळत नाही, तर शरीरातलं इन्सुलिन बाहेर यायला चालना देतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका ठिकाणी नाही, एका ठिकाणी हो. यावर कुणी म्हणेल, हे शास्त्रज्ञच आपसांत भांडतात, त्यांचं काय ऐकायचं? पण मैत्रिणींनो, हे भांडण नव्हे. आपल्या गटात हिशोब दोन बाया तपासतात, तसंच हे आहे. एकीला बेरीज चुकलेली दिसली तर दुसरी पुन्हा मोजते. याच म्हसकर आणि कायस यांनी पुढच्याच वर्षी, १९३१ साली, साप चावल्यावर लोक ज्या वनस्पती देतात त्यांचा अभ्यास छापला. तीनशेहून जास्त वनस्पती तपासून त्यांनी स्पष्ट सांगितलं, की यांतली एकही विषावर चालत नाही. ज्यांनी बेडकीच्या पाल्याला हो म्हटलं त्यांनीच सापाच्या मुळ्यांना नाही म्हटलं. देशी आहे म्हणून डोक्यावर घेतलं नाही आणि देशी आहे म्हणून फेकूनही दिलं नाही. आपणही हेच शिकायला हवं.

त्यानंतर १९९० साली मद्रासच्या अभ्यासकांनी माणसांवरची चाचणी प्रसिद्ध केली. टाइप दोनचा मधुमेह असलेल्या २२ जणांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पाल्याचा अर्क दिला, रोज ४०० मिलिग्रॅम, आणि तो १८ ते २० महिने चालू ठेवला. त्यांची साखर उतरली, बऱ्याच जणांच्या गोळ्यांचं प्रमाण कमी करता आलं, आणि पाच जणांना गोळी बंद करता आली. ही बातमी चांगलीच आहे. पण ती पूर्ण वाचायला हवी. रोगी फक्त २२ होते. त्यांना चावलेला पाला नव्हे, मोजून केलेला अर्क दिला होता. आणि गोळी कमी करायचं ठरवलं ते तपासणी करून, डॉक्टरांच्या नजरेखाली. बावीसपैकी सतरा जणांची गोळी चालूच राहिली. पुडी विकणारा तुम्हाला पाच जणांची गोष्ट सांगतो, सतरा जणांची सांगत नाही.

नंतरही लहान लहान अभ्यास झाले. त्यांतून हा पाला साखरेला थोडा आवर घालायला मदत करू शकेल अशी आशा दिसते. मदत करणं वेगळं आणि गोळीची जागा घेणं वेगळं. तिफणीला मदत म्हणून मागून चालणारी बाई बैलाचं काम करत नाही.

आणि गंमत ऐका. आरोग्य केंद्रात मधुमेहासाठी जी गोळी बहुतेकांना पहिल्यांदा मिळते, ती मेटफॉर्मिन. तीसुद्धा एका वनस्पतीचीच नात आहे. युरोपात गॅलेगा नावाचं शेंगवर्गातलं झुडूप उगवतं. तिथले लोक जुन्या काळापासून ते औषधात वापरत. त्यात ग्वानिडीनच्या जातीचे अंश आहेत. ग्वानिडीननं जनावरांची साखर उतरते हे १९१८ साली दिसलं. पण त्यात विषही होतं. ते झुडूप जास्त चरलं तर मेंढ्या मरत. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच जातीचा, पण कमी त्रासाचा पदार्थ शोधायला घेतला. १९२२ साली डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झालं. पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेही रोग्यांना देऊन निकाल छापला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. झुडपापासून गोळीपर्यंतच्या या वाटेवर विष काढलं गेलं, मात्रा ठरली, आणि हजारो रोग्यांवर वर्षानुवर्षं तपासणी झाली. म्हणून "गोळी म्हणजे केमिकल आणि पाला म्हणजे निसर्ग" असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा. बेडकीचा पाला अजून त्या वाटेवर चालतो आहे. मेटफॉर्मिननं ती वाट पुरी केली.

आता आपल्या भागाकडे वळू. आपण राहतो कृष्णाकाठी. स्वातंत्र्यानंतर इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, सांगलीत वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानं, रेठऱ्याला कृष्णा कारखाना. उसानं घरं बांधली, पोरं शिकवली, हे खरंच आहे. त्याच बरोबर ताटही बदललं. जोंधळा, बाजरी, हुलगा, मटकी मागे पडली. गहू, तांदूळ, बिस्किटं आणि दिवसातून चार वेळा गोड चहा आला. माण-खटाव, जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांतही आता हाच चहा आहे. पूर्वी पाण्यासाठी, जळणासाठी मैलभर चालणं होई. ते कष्ट गेले ते बरंच झालं, पण त्यांच्या जागी दुसरं चालणं आलं नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा आता फक्त शहरातल्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

आणि इथेच जिभेची फसगत पुन्हा येते. आमच्या गटांमधल्या एका ताईंनी बाजारातून गुडमारची पुडी आणली. चहा गोड लागेना, तेव्हा त्यांना वाटलं, साखर मेली. गोळी बंद केली आणि चहात साखर तशीच चालू ठेवली. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून तपासलं, तर साखर दुपटीहून वर. चहातली साखर गोड लागली नाही तरी ती पोटात जातेच आणि रक्तातही जाते. जीभ फसते, रक्त फसत नाही. त्यांचा पाय वाचला, पण मजुरीचे तीन महिने गेले आणि गटाचं कर्ज थकलं. घरची बाई आजारी पडली की अख्ख्या घराचा हिशोब कोलमडतो.

म्हणून या इतिहासातून आम्ही काही गोष्टी गाठीला बांधल्या आहेत.

पहिली, रक्ताला विचारा. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात.

दुसरी, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पाला, मेथी, कारलं, काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लपवू नका. गोळी आणि पाला दोन्ही मिळून साखर फार उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, भोवळ आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि दवाखाना गाठा. त्या वेळी पाल्यामुळे साखर गोड लागली नाही तरी ती काम करते.

तिसरी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हा पाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. २०१० साली परदेशात हा पाला घेणाऱ्या एका रोग्याच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद वैद्यकीय मासिकात आली आहे. रानातलं म्हणजे निर्धोक, असं नसतं.

चौथी, नावावर जाऊ नका. मेषशृंगी या एकाच नावानं दोन झाडं ओळखली जातात. एक ही वेल, आणि दुसरं आपल्या माळरानावरचं मेडशिंगीचं झाड. कावळी नावाच्याही वेगवेगळ्या वेली आहेत. एकीच्या जागी दुसरी पोटात गेली तर काय होईल सांगता येत नाही.

पाचवी, "मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. ज्या पुडीवर ते लिहिलंय, ती पुडी तिथेच ठेवून या.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येऊ. सांगणाऱ्याचं नाव का जातं? १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सांगलीच्या बाजारात ढिगानं येणारी, आपण पोराच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावतो तीच हळद. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतलं. १९९९ साली न्यू जर्सीतल्या एका कंपनीला मधुमेहासाठी जांभूळ, कारलं, वांगं आणि गुडमार यांच्या मिश्रणावर पेटंट मिळालं. हळद वाचली ती लिहून ठेवलेलं होतं म्हणून. जे फक्त आजीच्या तोंडी आहे, त्याचा पुरावा कुठून आणायचा?

यावर आता आपल्या हातात एक साधन आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बाया हव्यात. गावात कोणती वनस्पती आहे, कोण ती कशाला वापरतं, हे लोक जैवविविधता नोंदवहीत लिहायचं असतं. बऱ्याच गावांत ही वही कपाटात पडून असते. पुढच्या ग्रामसभेत तिची चौकशी करा. आपल्या गावात कोणत्या आजीला रानाची ओळख आहे ते पाहा, तिच्यासोबत बांधावर जा, आणि ती जे सांगेल ते तिच्या नावानिशी, तिच्या संमतीनं वहीत उतरवून घ्या. काय खरं, काय तपासायचं, हे नंतर जाणकार ठरवतील. आधी नोंद तरी हवी.

आणि वेल दिसली म्हणून मुळासकट उपटू नका. पानं ओरबाडणाऱ्या व्यापाऱ्याला रान दाखवू नका. कुंपणाला एक वेल लावा, नातवंडांना पान चावायला देऊन गुळाची गंमत दाखवा. मग त्यांना सांगा, की जिभेला जे कळलं ते खरं आहे, पण ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं कळायला बोटातला रक्ताचा एक थेंब लागतो.

या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी आणखी एक पान जोडा. त्यावर प्रत्येकीनं साखर शेवटची कधी तपासली, तेवढी तारीख लिहा. ज्यांची तारीख कोरी राहील, त्यांना घेऊन गटानं मिळून आरोग्य केंद्रात जायचं.